बाबांनी मारलेली गाठ
ओल्या दोराचा वास आला की इथल्या, जर्मनीतल्या लान नदीवरची ती जुनी श्लॉयझ आठवते, होड्या खाली उतरवायचा दगडी हौद. माझी मुलगी काठावर चाक फिरवून पाणी सोडत होती. पुण्याहून आलेले बाबा आणि मी होडीत. पाणी उतरेल तसा दोर सैल सोडायचा असतो. बाबांनी तो काठावरच्या कड्याला करकचून बांधला. “आता बिनघोर बस,” म्हणाले. पाणी उतरलं आणि होडी दोराला लटकून कलंडायला लागली. “लोसलासन!” मुलगी ओरडत होती, सोडा म्हणून. माझ्याने ती ओली गाठ सुटेना. तिने चाक उलटं फिरवलं म्हणून वाचलो. परतेपर्यंत बाबांनी कशालाच हात लावला नाही. काल व्हिडिओ कॉलवर ते पायजम्याची नाडी बांधत होते. नाडी बोटांतून निसटत होती, गाठ काही बसेना. आणि मी इथून नुसता बघत होतो.