दिव्यावर विश्वास नसलेला महांतेश

"दिवा काय, देवळातबी पेटतोय. आकडं बघा की!"

हे वाक्य महांतेशनं आयुष्यात किती वेळा उच्चारलं असेल, देव जाणे. 'राउटरचा हिरवा दिवा पेटलाय, तरी काम होत न्हाय' असा कुणाचा फोन आला, की त्याच्या कपाळावरचे विभूतीचे पट्टे आठ्यांत बुडायचे.

गारगोटीच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचा हा मुलगा. रेडिओ मागे पडले तसा तो कोल्हापुरात येऊन कॉम्प्युटरच्या तारांकडं वळला. दोन हजार सालानंतर गावोगावच्या दूध संघांत राउटर बसले आणि महांतेशची लूना त्यांच्यामागं धावू लागली. राउटर म्हणजे एका कॉम्प्युटरची माहिती दुसऱ्याकडं पोचवणारं डबडं. त्यातून काय आलं, काय गेलं, वाटेत काय नासलं, ते आकड्यांत वाचायचं, हे त्याचं काम. लोकांना मात्र दिवाच दिसायचा.

एके साली दसरा उलटल्यावर शिरोळकडच्या एका दूध संघातून बोलावणं आलं. प्रयोगशाळेत मोजलेली दुधाची फॅट, म्हणजे तिचे आकडे, कचेरीतल्या कॉम्प्युटरवर पोचत नव्हती, पोचली तर अडखळत. बाहेर दूध घेऊन खोळंबलेले टेम्पोवाले हॉर्न वाजवत होते.

"यंत्र ठणठणीत हाय, दिवा बघा!" मॅनेजर बाळासो म्हणाले. "ही पोरगीच कायतरी उलटंपालटं करतीया. रोजंदारीवर हाय. उद्यापासनं घरात बसू दे."

फॅट नोंदवणारी दानेश्वरी कॉम्प्युटरपाशी मान खाली घालून उभी होती.

महांतेशनं राउटरची स्थिती पडद्यावर आणली. पहिल्याच ओळीत होतं, लाइन चालू.

"बघा! म्या काय म्हणत होतो?"

"खाली वाचा की, साहेब!" महांतेश करवादला. "टँकर आत आला म्हंजे फाटक उघडं हाय, एवढंच कळतंय. दूध नासलंय का न्हाय, ते फाटक सांगतंय व्हय?"

त्या ओळीखाली पॅकेटांचा, म्हणजे पोचलेल्या माहितीच्या तुकड्यांचा आकडा होता, आणि त्याखाली नासलेल्यांचा. तोही भलामोठा. महांतेशनं आधी सगळे आकडे पुसून शून्य केले. जुनी नासाडी नव्यात मिसळली की काहीच उमगत नाही.

"पाठव बघू आता."

दानेश्वरीनं फॅट पाठवली. नासलेल्यांचा आकडा टुणकन वर चढला. त्यानं केबल बदलली, आकडे पुन्हा पुसले. पुन्हा तेच. मग त्यानं केबल उपसली आणि राउटरच्या भोकात बॅटरी मारली. आतल्या पितळी काड्या लालभडक चिकट राड्यात रुतल्या होत्या.

"ही पूजा कुणी केली?"

"मीच की," बाळासो अभिमानानं म्हणाले. "खंडेनवमीला. वजनकाट्याला केली, बॉयलरला केली, मग ह्यालाच का सोडायचं? नारळाचं पाणीबी माझ्या हातानं शिंपडलं."

महांतेशनं चष्मा काढून डोळे चोळले. "साहेब, रोज पूजा केल्याबिगर मी पाणी पीत न्हाय. पण देवाच्या नाकात कुकू कोंबत न्हाय!"

त्यानं ते भोक बंद केलं, शेजारच्या मोकळ्या भोकाला सगळी सेटिंग दिली, केबल तिथं खोचली. दानेश्वरीनं सकाळपासून तुंबलेली फॅट पाठवली. पॅकेटांचा आकडा भराभर चढला, नासलेल्यांचा शून्यावरच राहिला. बाहेरचे हॉर्न थांबले.

बाळासोंनी पडदा निरखला, मग ते खाकरले. "पोरी, उद्या टायमात ये." आणि लगेच शिपायाला हाक घातली, "आरं कृष्णात, यंत्र बरं झालं! कुकवाचं ताट आण, नारळ आण!"

महांतेशनं डोळे मिटले. भांडायला त्याच्यात जीव उरला नव्हता. त्यानं पिशवी उचलली आणि तो चालू पडला.

ताट आलं. बाळासोंचं बोट कुंकवात बुडालं. तेवढ्यात दानेश्वरीनं राउटरवर तळहात आडवा धरला.

"साहेब, ह्याला न्हाय. नारळ दारात फोडा."

बाळासो बोट तसंच धरून उभे राहिले. दानेश्वरीनं हात हलवला नाही. ती खिडकीतून बघत होती. दुधाच्या कॅनांमधून वाट काढत, स्वतःशीच पुटपुटत महांतेश लूनाकडं निघाला होता.

"अण्णा," ती ओरडली, "अजून शून्यच हाय!"

त्यानं मागं वळून पाहिलं नाही. नुसता हात वर केला.