अर्धी राहिलेली चीज

भिंगारात पाणी टँकरने यायचं त्या दुष्काळाच्या वर्षी माझी गाण्याची परीक्षा होती. पास झाले तर नगरच्या एका मुलींच्या शाळेत गाण्याच्या बाईंची जागा मिळणार होती आणि नापास झाले तर राहात्याच्या स्थळाला होकार जाणार होता. वडील लष्कराच्या डेपोत स्टोअरकीपर. सगळ्या गोष्टी अशा दोन खणांत लावून ठेवायची त्यांना सवय होती. राहात्याचा मुलगा वाईट नव्हता. पण मला बघायला आलेल्या त्याच्या आईने विचारलं होतं, "सासरी गानं बंद केलं तर चालंल ना?" आणि मी तोंड उघडायच्या आत माझ्या आईने मान डोलावली होती.

माझे मास्तर भिंगारच्या बाजारात, शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत शिकवायचे. मूळचे खेड्यातले, बोलणं शेवटपर्यंत तसंच राहिलेलं. गाण्याच्या प्रकारांची नावं त्यांनी मला कधी धड सांगितली नाहीत. "आज मोठी चीज घेऊ," किंवा "आज धाकटी," एवढंच. मोठी म्हणजे विलंबित ख्याल आणि धाकटी म्हणजे द्रुत, हे मला फार उशिरा कळलं. मोठीत मी घाई केली की म्हणायचे, "आदी घर झाडायचं, सडा घालायचा, मग पाव्हन्याला आत घ्यायचं." ध्रुपद शिकवताना मात्र एकदम ताठ बसायचे. "हितं मुरक्या मारल्यास तर उठून जाईन मी." ठुमरी मागितली की नुसते हसायचे, "तिच्यासाठी अजून दुनिया बघायला पायजे तू." आणि पुस्तकाचं नाव काढलं की चिडायचे, त्यामुळे मी एकही उघडलं नव्हतं.

त्यांच्याकडे चाल आधी आणि शब्द मागून. दा-रा, ना-ना असं काहीबाही म्हणत ते चाल गळ्यात उतरवायचे आणि ती पक्की बसली की मगच शब्द द्यायचे. मी मागे लागले तर म्हणायचे, "शबूद काय पळून जात न्हाईत." शेवटी त्यांनी एक फार जलद चीज सुरू केली. तोम, तनन, देरेना असं म्हणताना माझ्या जिभेची गाठ मारली जायची. ती एकदाची बसली, आता शब्द मिळणार, असं वाटत असतानाच मास्तरांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली.

परीक्षा तोंडावर आलेली. अभ्यासक्रमात तराणा लिहिला होता आणि तो तर मास्तरांनी शिकवलाच नव्हता. वडिलांनी डेपोतल्या एका बँडवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, मार्चसारखं काहीतरी असेल. माझी झोप उडाली. तराणा गेला तो गेला, निदान ही जलद चीज तरी पुरी करू, म्हणून मी तिला स्वतःच शब्द लावायला घेतले. टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभी राहायचे आणि बोटांवर मात्रा मोजायचे. सुचलं तेही पाण्याचंच: 'गगरिया रीती, पनिया न आयो.' त्या लयीत शब्द कोंबताना दम लागायचा, पण मला वाटायचं, माझाच रियाज कमी पडतोय.

मास्तरांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, निरोप धाडला की एकदा येऊन त्यांना गाणं ऐकवून जा. मी गेले आणि मोठ्या उमेदीने चीज म्हटली. मास्तरांचे डोळे विस्फारले. ते डावा हात गादीवर आपटायला लागले, ओठ थरथरले आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. वाटलं, शब्द हलके पडले. घरी येऊन मी शब्दांतली घागर काढली आणि तिच्या जागी मुरली आणली. पुन्हा गेले, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला राधा आणली, तरी हात थांबेना. काकू मात्र दर वेळी जिन्यापर्यंत सोडायला यायच्या आणि म्हणायच्या, "परत ये गं बाई, लौकर ये."

परीक्षा नगरच्या एका शाळेत होती. व्हरांड्यात मुली पाठांतर करत बसलेल्या. माझ्या शेजारची डोळे मिटून पुटपुटत होती, "ध्रुपद गंभीर असून त्यात ताना घेत नाहीत. ख्यालात विस्ताराला मोकळीक असते. तराण्यात अर्थपूर्ण शब्द नसतात. तोम, तनन, देरेना अशा बोलांवर तो गातात."

मी तिचं मनगट धरलं. "शब्द नसतात? नंतरसुद्धा देत नाहीत?"

"अगं, तराणाच तो! शब्द कुठून येणार?" तिने हात सोडवून घेतला आणि जरा लांब सरकून बसली.

मास्तरांनी मला तराणा पुरा दिला होता, आणि मी त्यांच्या उशाशी बसून तीन तीनदा तो बिघडवून ऐकवला होता. तेवढ्यात आतून माझा नंबर पुकारला.

परीक्षकांनी ख्यालाविषयी विचारलं तेव्हा मी मास्तरांचं घर झाडणं आणि सडा घालणंच सांगून टाकलं. ते हसले. मग म्हणाले, तराणा म्हणा. सुरुवात नीट झाली, पण अंतऱ्यात पोचले आणि इतके दिवस घोटलेली राधा तोंडातून निसटली. परीक्षकांनी हात वर केला. "ही कोण मधेच आली?" मी रडायच्या बेतात होते. "तिला बाहेर पाठवा आणि परत म्हणा," ते म्हणाले. मी परत म्हटला. या वेळी जिभेने सगळे बोल बरोबर घेतले.

पुढे निकाल लागला, पास झाले, नोकरीही लागली. पण परीक्षेच्या त्या दिवशी निकाल माझ्या डोक्यातही नव्हता. मी तडक मास्तरांकडे गेले. काकू जिन्यातच भेटल्या, आनंदलेल्या.

"बरं झालं आलीस. एरवी नुस्ते दगडावानी पडून असत्यात. तू गायलीस का डोळ्याला पानी येतं. लई सुख हुतं गं त्यांला तुज्या गान्यानं. म्हनून तर सारखी बोलवत हुते मी."

मला त्यांच्याकडे बघवेना. आत गेले, मास्तरांच्या उशाशी बसले आणि तराणा म्हटला, त्यांनी दिला होता तसा. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी ओघळून उशीवर आलं, पण या वेळी हात गादीवर आपटला नाही.

"बघ," दारात उभ्या काकू पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "म्हनलं न्हवतं मी?"