श्रावणातलं रक्त

"ताई, श्रावणातलं रक्त आहे, सांडू नका हां," असं म्हणत काका बाही वर सारायचे आणि तोंड भिंतीकडे फिरवायचे. सुईकडे त्यांनी कधी पाहिलं नाही.

हैदराबादेत काचीगुड्यात माझी रक्त तपासायची छोटी लॅब आहे. रेल्वेतून निवृत्त झालेले काका मागच्या गल्लीत राहायचे. श्रावणभर मटण बंद, एकभुक्त, तळलेलं वर्ज्य. आणि श्रावण संपता संपता उपाशीपोटी कोलेस्टेरॉल तपासायला माझ्याकडे हजर! रिपोर्ट बरा येणारच. मग पोळा झाला की काका वर्षभर मोकळे.

"काका, एकदा दिवाळीनंतर या की," मी म्हणायचे.

"नक्को बाई! दिवाळीचं रक्त तुमच्या मशीनला पचायचं नाही."

तुम्हाला हसू येईल. मलाही यायचं. पण त्यांचे वडील ऐन उमेदीत हार्ट अटॅकने गेले होते. रक्तातली चरबी हृदयाच्या नळ्यांत कशी साचत जाते, ते डॉक्टरांनी काकांना चित्र काढून दाखवलं होतं. तेव्हापासून त्यांना धड झोप नाही, असं काकू सांगायच्या. बरं होणं राहू द्या, सगळं बरं आहे असं कुणीतरी म्हणावं, एवढंच त्यांना हवं असायचं.

एका श्रावणात रिपोर्ट फारच छान आला आणि काकांनी डॉक्टरांची गोळी बंद करून टाकली.

"दुखणंच नाही तर गोळी कशाला हो?"

"अहो, गोळीमुळेच तर आकडा खाली आलाय!"

"तुम्ही सुई टोचा ताई, प्रवचन नको," म्हणत ते जिना उतरले आणि खालच्या इराणी हॉटेलातून माझ्यासाठी चहा पाठवला. असं करायचे ते. त्यांच्यावर मनासारखं रागावता आलंच नाही कधी. आता वाटतं, रागवायला तरी ते हवे होते.

माघातल्या एका सकाळी काका घामाघूम होऊन जिना चढून आले. छातीवर हात होता.

"ताई, आज खरं रक्त घ्या," खुर्चीत टेकत म्हणाले.

मी सुई हातातसुद्धा घेतली नाही. लॅब तशीच उघडी टाकून त्यांना खाली आणलं, ऑटो थांबवला.

"अंकल को पकड के बैठो आपा," म्हणत ऑटोवाल्याने गाडी पिटाळली.

काकांनी माझा हात घट्ट धरला होता. "नॉर्मल येईल ना हो?"

"येईल काका. एकदम नॉर्मल."

ते ऐकून त्यांचा चेहरा सैल झाला. डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. थोड्या वेळाने हातातली पकडही गेली. मी मात्र बोलत राहिले, पुन्हा पुन्हा तेच.

दवाखान्याच्या दाराशी लोकांनी त्यांना उचललं, तेव्हा कुठे माझा हात सुटला. अजून तो फार मोकळा वाटतो.