कोंबडीखालची नळी

संस्थान विलीन झाल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी जव्हारच्या दवाखान्यात जंतू तपासायचं काम करायचो. खोडाळ्यात पटकीची साथ पसरली होती. तिथल्या विहिरीतले जंतू पटकीचेच का, हे ताडून बघायला शहरातून पटकीचे गोठवून वाळवलेले जंतू आले होते. एकच नळी. तिच्यात पोषक रस घालून ती रात्रभर उबेत ठेवायची, जंतू वाढवायचे, आणि नेमकं उबपेटीचं रॉकेल संपलं!

ओट्यावर खोडाळ्याची एक बाई बसलेली असे. मुलगा आत आजारी. घरी बघणारं कुणी नाही म्हणून अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी पाटीत घालून तिनं बरोबर आणली होती. माझी तगमग बघून ती म्हणाली, "नळी हिच्याखाली ठेव. ही उठायची नाय."

नळी फुटली तर? पण दुसरा उपाय नव्हता. बुचाला मेण लावलं, चिंध्या गुंडाळल्या आणि दिली.

सकाळी ती पाटीवर हात ठेवून तशीच बसलेली. नळीतला रस गढुळला होता. मी मूर्खासारखा ओरडलो, "वाढले!"

"काय वाढलं?"

"पटकीचे जंतू."

ती कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "हिला काय ठावं, पोटाखाली काय हाय," ती म्हणाली. "त्या विहिरीचं पानी मीच पाजलं पोराला. मला तरी कुठं ठावं होतं?"