भिवंडीस नेलेली साक्ष

लिहून देणार : पौलस रत्नाकर साळवे, वय वर्षे बावन्न, धंदा अर्जलेखन, बैठक तहसील कचेरीच्या आवारात, आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या पुरुष संघाचा कार्यवाह. ज्याच्यावर अन्याय झाला तो : शमुवेल रत्नाकर साळवे, लिहून देणाराचा सख्खा धाकटा भाऊ, हल्ली मुक्काम दापोडे, तालुका भिवंडी. ज्याने अन्याय केला तो : लिहून देणार स्वतः. घटनेचा दिवस : अकरा वर्षांपूर्वीच्या दसऱ्यानंतरचा पहिला रविवार. साक्षीदार : त्या दिवशी उपासनेनंतर मंदिरात थांबलेले आपण सर्व.

मंडळीतील तरुणांना हकीकत ठाऊक नसेल, म्हणून नमूद करतो. दसऱ्याला आमच्या रांगेतले टंकलेखक आपापल्या यंत्राची पूजा करतात. त्या वर्षी शेजारच्याने झेंडूचा एक हार प्रेमाने माझ्याही हाती दिला. आपण एकटेच वेगळे दिसू नये म्हणून मी तो यंत्राला घातला, नारळ फोडला आणि जेवायला घरी गेलो. माझ्या मागे यंत्रावर शमुवेल बसला. तो तेव्हा माझ्या हाताखाली टंकलेखन करीत असे. मंडळीतील एका गृहस्थांनी हार पाहिला, यंत्रावर बसलेला माणूस पाहिला आणि रविवारी शमुवेलविरुद्ध मूर्तिपूजेची तक्रार झाली. मला सर्वांसमक्ष साक्ष विचारण्यात आली. मी म्हणालो, “सदर वेळी मी जागेवर हजर नव्हतो.”

वाक्य अक्षरशः खरे होते. अर्जलेखकाला अशी वाक्ये रचता येतात. लोक त्यासाठीच आमच्याकडे येतात. शमुवेलने माझ्याकडे एकदा पाहिले. मोठ्या भावाला चारचौघांत खोटे पाडायचे नाही, म्हणून तो गप्प राहिला. मंडळीच्या वहीतून त्याचे नाव खोडले गेले, प्रभुभोजन बंद झाले, आणि महिन्याच्या आत त्याने गाव सोडले.

या वर्षी संघाने मला ‘ख्रिस्ती पुरुष व त्याच्या जीवनाचे ध्येय’ या विषयावर भाषण करण्यास सांगितले. ‘पुरुषाने सत्याच्या बाजूने उभे राहावे’ हा पहिला मुद्दा मी लिहिला, आणि पुढे लेखणी चालेना. आजवर कोणत्याही विषयावर ती अडलेली नाही, हे तालुक्यास ठाऊक आहे. सबब मी एक प्रतिज्ञापत्र तयार केले, त्यावर सही केली, आणि शनिवारी सकाळच्या कल्याण गाडीत बसलो.

माळशेजचा घाट उतरला की मुलूखच बदलतो. आमच्याकडची मोकळी, तांबूस राने मागे राहतात आणि दोन्ही बाजूंना भाताची कापलेली खाचरे लागतात. हवा अंगाला चिकटू लागते. कल्याणहून दुसरी गाडी धरून मी भिवंडीच्या धामणकर नाक्यावर उतरलो, तेव्हा दुपार झाली होती. तेथे उभे राहिल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती आवाजाची. गल्लीगल्लीतून लूम (यंत्रमाग) एकसारखे खडखडत असतात, आणि त्यावर रिक्षावाल्यांच्या हाका.

“मानकोली, मानकोली! एक सीट!”

मागे चौघे दाटीने बसले होते. चालकाने आपल्या आसनाची कड थोपटली. “काका, आगे बैठो. आधी सीट मेरी, आधी आपकी.”

माझ्या वयाच्या व पेशाच्या माणसास हे शोभत नाही, असे मी त्यास स्पष्ट सांगितले. मी कचेरीतील अर्जलेखक आहे, हेही सांगितले.

“मग घट्ट धरून बसा साहेब,” तो मराठीत म्हणाला, “इथल्या खड्ड्यांना अर्ज वाचता येत नाय.”

मागचे चौघे हसले. माझा डावा पाय अर्धा रस्ताभर बाहेर होता, आणि प्रतिज्ञापत्राच्या पाकिटाला तेलाचा डाग पडला. मानकोलीस पोहोचल्यावर कळले की दापोड्यासाठी आणखी एक रिक्षा करावी लागते.

दापोड्यास मी घरे शोधत होतो आणि दिसत होती ती गोदामे. एकेक गोदाम आपल्या मंदिराच्या दहापट. कंटेनर रांगेने उभे. त्यांच्या सावलीत चालक डबे उघडून जेवत होते. एका फाटकापाशी खोकी उतरवणाऱ्या हमालास मी शमुवेल साळवे यांच्याबद्दल विचारले. त्याचे नाव रामबरन, हे मागाहून समजले.

“साल्वे भाई? आप उनके कौन?”

“ज्येष्ठ बंधू.”

“मतलब?”

“बड़ा भाई.”

त्याने डोक्यावरची चुंबळ काढली आणि मला नखशिखान्त न्याहाळले. “बड़ा भाई है, ये तो उन्होंने कभी बताया नहीं.” मग तो मला वाट दाखवायला निघाला आणि चालता चालता बोलत राहिला. पावसाळ्यात काचसामानाचे एक खोके गाडीवरून पडून फुटले. पहारेकऱ्याने रामबरनकडे बोट दाखवले. शमुवेल तेव्हा मुकादम होता. तो शेटसमोर जाऊन म्हणाला, दोरी मी बांधली होती, सैल राहिली. “मेरा काम बच गया, उनकी मुकादमी गई. अब हमारे साथ ही बोझा उठाते हैं. हम बोले, चुप रहते तो किसको पता चलता? बोले, मुझे तो पता था.”

पुढची वाट मी मोजून पावले टाकीत त्याच्या मागून चाललो.

शमुवेलची खोली एका चाळीत आहे. तो दारात उभा होता. केस पांढरे झालेले, खांदे मात्र रुंद झालेले. मला पाहून त्याचा चेहरा एकदम उतरला. “दादा? आई बरी आहे ना?”

आई बरी आहे असे सांगितल्यावर त्याने मला आत घेतले. त्याची पत्नी मंगल डोंगराकडच्या पाड्यावरची (आदिवासी वस्तीवरची) आहे. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. मी वडीलकीच्या नात्याने शमुवेलला विचारले, “ही बाई मंडळीत आहे काय?”

उत्तर तिनेच दिले. “मंडलीत न्हाय. घरात हाय.” आणि लगेच, “मोठे दादा, सुकट चालतं का? का त्येलाबी कागद लागतो?”

शमुवेल हसला. अकरा वर्षांनी मी त्याचे हसू पाहत होतो, म्हणून मला राग आला नाही. तांदळाची मऊ भाकरी आणि कांदा घालून परतलेले सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) तिने वाढले. बाजरीच्या भाकरीवर वाढलेल्या मला ती भाकरी हलकी वाटली. मी चार खाल्ल्या.

जेवणानंतर मी प्रतिज्ञापत्र त्याच्यापुढे ठेवले. त्याने हात पुसून ते उजेडाकडे धरले आणि एक वाक्य मोठ्याने वाचले : “‘सदर प्रसंगी काही तपशील सांगावयाचा अनवधानाने राहून गेला, त्यामुळे गैरसमज होण्यास वाव मिळाला.’”

“भाषा निर्दोष आहे,” मी म्हणालो.

“कुणाकडून राहून गेला, दादा?”

मी रिकाम्या पाकिटाची कड सरळ करू लागलो.

“हार घातला गेला, नारळ फोडला गेला, तपशील राहून गेला. अख्ख्या कागदात माणूसच नाही.” त्याने कागद नीट घडी करून मला परत दिला. “हाराचं मला कधीच काही वाटलं नाही. उद्या सकाळी इथं आमची प्रार्थना असते. तिथं तोंडानं सांग.”

रविवारी शिफ्टपूर्वी त्या खोलीत सात पुरुष जमले. कुणी लूमवरचे, कुणी गोदामातले. त्यांपैकी सगळे ख्रिस्ती नव्हते, रामबरनही होता. गाणे नाही, प्रवचन नाही. प्रत्येकाने साक्ष द्यायची, आणि तिथला रिवाज असा की वाक्य ‘मी’ या शब्दाने सुरू करायचे. एक माग चालवणारा म्हणाला, “मैंने तीन दिन घर फोन नहीं किया. मैंने झूठ बोला कि मोबाइल ख़राब है.” दुसरा म्हणाला, “मी बायकोवर हात उचलला. मी आज तिची माफी मागणार हाय.” बाकीच्यांनी मान खाली घालून ऐकले. कोणी उपदेश केला नाही.

माझी पाळी आली. शमुवेल माझ्या समोर बसला होता. त्याचे हात गुडघ्यांवर होते आणि तो थोडा पुढे वाकला होता. मी उभा राहिलो. ‘मी हार घातला’, एवढे तीनच शब्द म्हणायचे होते. मी सुरुवात केली, “सन्माननीय बंधुजनहो, ख्रिस्ती पुरुषाची कर्तव्ये प्रामुख्याने तीन…”

पाव तास मी बोललो. अस्खलित बोललो. कुटुंब, श्रम आणि सत्य या तिन्हींवर बोललो. भाषण संपल्यावर रामबरन आदराने म्हणाला, “बहुत बढ़िया, काका. एकदम टीवी जैसा.” शमुवेल मागे टेकून बसला होता. तो उठला, चपला घातल्या आणि म्हणाला, “चला, ड्युटीला उशीर होतोय.”

भांडी विसळता विसळता मंगल मला म्हणाली, “त्यांनी रातचीच सगल्यांना सांगून ठेवलं व्हतं. दादा आलाय, उद्या माजं नाव मोकलं व्हनार.”

मी पिशवी भरायला घेतली.

शमुवेल तासाभराची सुट्टी मागून मला धामणकर नाक्यावर सोडायला आला. त्याने माझी पिशवी धरली होती. गाडी दिसल्यावर तो म्हणाला, “आईला सांग, मी बरा आहे.”

“आणि मंडळीला काय सांगू?”

“मला तिकडं परत यायचं आहे असं नाही. पण माझं नाव तिथं खोट्या कारणानं खोडलंय. ते इथं बसूनही टोचतं, दादा.” त्याने पिशवी गाडीत वर दिली. “त्या दिवशी तू एकदा उभा राहिला असतास, तर मी आयुष्यभर तुझ्या हाताखाली टंकलेखन केलं असतं.”

घाट चढताना मी खिडकीला डोके टेकून बसलो होतो. पुरुषाच्या ध्येयावर मी वर्षानुवर्षे बोलत आलो, आणि माझा धाकटा भाऊ ओझी उचलता उचलता ते जगत होता. भिवंडीस जाऊन मी एक संधी मिळवली आणि तीही घालवली. हे दुःख आता माझ्याबरोबर राहील. ते कमी व्हावे अशी माझी मागणी नाही.

मागणी वेगळी आहे. हार मी घातला. नारळ मी फोडला. मी मंडळीसमोर भावाला एकटे पाडले. सबब पाळकसाहेब व सेवकमंडळ यांस नम्र विनंती की, हे लिखाण येत्या उपासनेनंतर सर्वांसमक्ष वाचले जावे. त्या वेळी मला पुढे उभे करावे आणि ज्यांना विचारायचे असेल त्यांनी मला तोंडावर विचारावे; मी बसणार नाही. शमुवेल रत्नाकर साळवे याचे नाव वहीत पूर्ववत लिहावे आणि ते का खोडले गेले होते याचे खरे कारण माझ्या नावासह शेजारी नोंदवावे. संघाचे कार्यवाहपद मी सोडत आहे. या अर्जाचे लेखी उत्तर मिळावे, मात्र ते माझ्या नावे नको. दापोड्यास, त्याच्या नावे पाठवावे. माझ्याआधी त्याने ते वाचले पाहिजे.