शेंदूर उतरवलेला दगड

या सदरातले वाचकांचे गूढ अनुभव मी वाचतो ते चुका शोधण्यासाठी. बहुधा सापडतात. माझ्या अनुभवात ज्याला चूक सापडेल, त्याने ती जरूर कळवावी. मी स्वतः तीन वर्षे शोधतो आहे.

वय अठ्ठ्याहत्तर. राहणार आणे पठार, तालुका जुन्नर. विज्ञान शिकवून निवृत्त झालो. बौद्ध धर्म स्वीकारल्यानंतर वडिलांनी देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले आणि सांगितले, आपल्या जमिनीवर पुन्हा देव यायचा नाही. त्यानंतर ना देव, ना भूत, ना अंगारा. दिवाळी अंकांत चार विज्ञानकथा मात्र लिहिल्या. एकीत जीवसृष्टीचे बीज उल्केबरोबर पृथ्वीवर येते. ती कल्पना मला आवडते. ती सिद्ध झालेली नाही, हेही ठाऊक आहे.

शेत नांगरताना ट्रॅक्टरच्या फाळाने एक दगड वर आला. कवठाएवढा, तांबूस, आकाराच्या मानाने फार जड. आमच्याकडचा दगड काळा असतो. मी तो बांधावर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर त्याला शेंदूर, पुढे फोडलेला नारळ, आणि शेजारच्या शेतातले भिकाजी हात जोडून उभे.

“गुरुजी, सोयंभू हाय. कोपऱ्यात चार पत्रं टाकू. लई न्हाई.”

“आज पत्रे, उद्या सभामंडप. परवा माझ्याच शेतात मला तुम्हाला विचारून पाय टाकावा लागेल.”

“देवाला जागा न्हाई म्हणता व्हय?”

“दगडाला आहे. पडू दे.”

गाव भिकाजींच्या बाजूचे. मी एकटा. इथे मी शिक्षकाला शोभेल अशी चूक केली — चारचौघांत प्रयोग जाहीर केला. दगड महिनाभर बरणीत बंद राहील. जिवंतपणाचे कसलेही लक्षण दिसले, तर तो कोपरा देवाला. न दिसले, तर विषय संपला. हरणे अशक्य होते, म्हणूनच वडिलांची जमीन पणाला लावली.

रॉकेलने शेंदूर उतरवला. दगड साबणाने घासला, पाऊण तास प्रेशर कुकरमध्ये ठेवला. काचेची बरणीही उकळली. दगड आत, झाकणावर मेणाचा थर, त्यावर भिकाजींच्या अंगठ्याचा ठसा. बरणी खिडकीत.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी पत्नी म्हणाली, “अहो, बरणीत काहीतरी हललं.”

दगडावर केसासारखे करडे तंतू आले होते. बुरशी, मी म्हणालो. उकळताना काही राहून गेले असेल. पत्नीने बोट काचेजवळ नेले. सगळे तंतू त्या बोटाकडे वळले.

उष्णता असेल, म्हणून गरम पाण्याचा पेला लावला — तंतू स्थिर. लोहचुंबक — स्थिर. विजेरी — स्थिर. पुन्हा हात — वळले.

लपवता आले असते. बरणी परसात पुरली असती, तर कोपरा वाचला असता. मी भिकाजींना बोलावले.

ते चौघांना घेऊन आले, हार घेऊन. आधी मेणावरचा ठसा पाहिला. स्वतःचाच होता. मग मोठ्या भक्तिभावाने पंजा काचेला टेकवला. तंतू पाचही बोटांसमोर काचेला आतून येऊन चिकटले. भिकाजींनी हात झटकन मागे घेतला.

“गुरुजी, खरं सांगा... तुमी आत काय टाकलं न्हाई ना?”

“टाकले असते तर बरे झाले असते.”

“ह्ये तुमच्या त्या गोष्टीतल्यावानी झालं. आभाळातनं आलेलं.”

“ती गोष्ट आहे. हे मला ठाऊक नाही. पैज तुम्ही जिंकलात. कोपरा तुमचा. पत्रे कधी आणता?”

चौघांतला एक म्हणाला, “भाऊ, चला. गुरं सोडायची हायेत.”

भिकाजी हार पिशवीत कोंबत म्हणाले, “ऱ्हाऊ द्या, राव. असला जिता दगड आमाला नगं.”

मी म्हणालो, “देव जागृत आहे, असे तुम्हीच म्हणत होता.”

“तसं म्हणायचं असतं, गुरुजी.”

ते गेले. पुन्हा कोणी जागा मागितली नाही.

चार दिवसांत तंतूंची पूड झाली. पुण्यातल्या एका परिचित प्राध्यापकांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. धूळ. त्याच दगडावर तोच प्रयोग मी आणखी पाच वेळा केला. काहीही झाले नाही.

काही वाचक म्हणतील, देव. माझ्या कथा वाचलेले म्हणतील, परग्रहावरचे बीज. पहिले उत्तर मी मानत नाही. दुसरे मला हवेसे वाटते — नेमके म्हणूनच तेही नाकारतो. आवडते ते खरे धरायचे, तर शेंदूर कशाला उतरवायचा?

स्पष्टीकरण नाही. त्यावाचून माझे अडलेले नाही. शब्द दिला होता, म्हणून तो कोपरा दोन हंगाम मी पडीक ठेवला. मागायला कोणी आले नाही.

यंदा तिथे मूग पेरला आहे. उगवण चांगली आहे.