प्रत्येकीला निदान अर्धी मॅच

मैदानाच्या रेषेवर उभे राहून ओरडणारे बाप मी इथे परदेशात, हॅमिल्टनला येईपर्यंत पाहिले नव्हते. २०११ साली शिकायला आले, शिक्षण संपल्यावर एका कॉलेजच्या सायन्स लॅबमध्ये असिस्टंट म्हणून लागले. इथे हायस्कूललाच कॉलेज म्हणतात. स्टाफरूममध्ये एकदा बोलता बोलता मी सांगून बसले, की मी कोल्हापूरची, आमच्याकडे पेठापेठांत फुटबॉलवरून डोकी फुटतात. पुढच्या आठवड्यात मी मुलींच्या दुसऱ्या टीमची कोच झाले. स्वतः मी आयुष्यात एकही धड मॅच खेळले नव्हते. कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

तर हे बाप. शनिवारी सकाळी हातात कॉफी, पायात गमबूट, आणि पंधरा वर्षांच्या पोरींवर असे खेकसायचे की ऐकवत नसे. एकाची मुलगी दर मॅचआधी शेडमागे जाऊन ओकायची. मी तिची पाठ चोळत असायची आणि हा लांबूनच म्हणायचा, "शी'ल बी राइट, कोच." म्हणजे इथल्या बोलीत, होईल सगळं ठीक. त्या ओकारीची मला कधी घाण वाटली नाही, त्याची वाटायची. पहिल्याच सीझनला मी शेडच्या दारावर नियम लिहून चिकटवला: प्रत्येक मुलगी प्रत्येक मॅचमध्ये निदान अर्धा वेळ खेळेल. बाप कुरकुरले. मला भारी वाटलं. या लोकांपेक्षा आपण चार पायऱ्या वर आहोत, अशा तोऱ्यात मी तीन वर्षं वावरले.

टीममध्ये एक मराठी मुलगी होती. रोटोटुना भागात माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायची. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये. खेळात बेताचीच, पण गारा पडल्या तरी प्रॅक्टिस चुकवायची नाही. तिची आई 'ते रापा' भागातल्या दुधाच्या पावडरीच्या कारखान्यात पॅकिंगला होती आणि शनिवार तिचा हमखास कामाचा. लेकीची एकही मॅच तिने पाहिलेली नव्हती. २०१८ च्या सीझनच्या शेवटच्या मॅचला तिने कोणाशी तरी शिफ्ट बदलून घेतली. आदल्या दिवशी दुकानात भेटली तेव्हा विचारत होती, "ताई, उद्या खेळेल ना हो ती?"

"सेकंड हाफ पूर्ण तिचाच," मी म्हणाले.

मला तेव्हाच माहीत होतं की ही मॅच जिंकलो तर टीम वरच्या ग्रेडमध्ये जाणार. आणि कॉलेजच्या स्पोर्ट्स विभागाची बाई मला सुचवून गेली होती की तसं झालं तर पुढच्या वर्षी मुलींच्या सगळ्या टीम्सची हेड कोच मीच.

हाफ टाइमला एक-एक अशी बरोबरी होती. त्या मराठी मुलीने जॅकेट काढलं, नडगीवरचे शिनपॅड नीट केले आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी म्हणाले, "वॉर्म-अप कर, सांगते."

ती रेषेच्या बाहेर धावायला लागली. कोपऱ्यातल्या झेंड्यापासून शेडपर्यंत, शेडपासून झेंड्यापर्यंत. आई पलीकडच्या बाजूला फोन धरून उभी होती. आधी तिने फोन मैदानाकडे धरला, मग लेकीकडे. लेकीच्या वॉर्म-अपचं शूटिंग करत होती बिचारी, दुसरं काही नव्हतंच. मी ते पाहिलं आणि मान वळवली. शेवटाकडे आमचा दुसरा गोल झाला. आता तरी पाच मिनिटं तिला आत सोडता आली असती. तो ओकणाऱ्या मुलीचा बाप कानाशी येऊन म्हणाला, "डोन्ट टच अ थिंग, कोच." मी कशालाच हात लावला नाही. शिट्टी वाजली आणि त्याने मला मिठी मारली. मीही मारली. त्याच्या जॅकेटला ओल्या कुत्र्याचा वास येत होता, आणि त्या घटकेला त्याच्यात आणि माझ्यात तसूभर फरक नव्हता.

यापुढे जे केलं त्याची शिसारी अजून जात नाही. मॅचनंतर इथे कोच एका मुलीला 'प्लेअर ऑफ द डे' ठरवते, सर्टिफिकेट देते, सगळे टाळ्या वाजवतात. मी ते तिला दिलं. एक मिनिटही न खेळलेल्या मुलीला, तिच्या आईसमोर, माझ्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून. वर टीम स्पिरिटवर चार वाक्यंही बोलले.

"फॉर व्हॉट?" तिने विचारलं. उर्मटपणे नाही. तिला खरंच कळलं नव्हतं.

टाळ्या अर्ध्यावर थांबल्या. आई लगबगीने पुढे आली. "अगं, असं विचारतात का? थँक यू म्हण मॅडमना."

ती म्हणाली. आई माझ्याकडे बघून ओशाळं हसली, जणू चूक त्यांच्याच घरातली होती. मी ते हसणंही घेतलं.

हेड कोच मी झाले. पुढच्या आठवड्यात सीझनचे शर्ट परत घेत होते, तेव्हा ती लॅबमध्ये आली. शर्ट धुऊन, इस्त्री करून आणला होता. इस्त्री आईचीच असणार. पुढच्या वर्षी ट्रायल्सना येशील ना, मी विचारलं. तिने मान हलवून नाही म्हटलं.

"बघ हं, हेड कोच आता मीच आहे," मी म्हणाले. "तुला हीप्स गेम टाइम देईन, भरपूर खेळवेन."

दारापर्यंत जाऊन ती थांबली. माझ्याशी कधी मराठीत न बोललेली मुलगी मराठीत म्हणाली, "तुम्ही आईला सांगितलं होतं."

एवढंच बोलून ती गेली. माझ्या हातात पेन होतं. यादीत तिच्या नावापुढे मी शर्ट मिळाल्याची खूण केली.